पंधराची रेघ

ओव्हिएदोत, कोळशाच्या संस्थेच्या तळमजल्यावर
पहाटेचे तीन.
आउरेआ कुएतो पडद्यावरच्या रेघांना डोळे लावून बसलीय.
बाहेर पाऊस म्हणावा इतकंही काही नाही,
डोंगरावरून उतरणारं नुसतं ओलेपण.
इथली माणसं त्याला ओर्बायू म्हणतात
आणि छत्री उघडत नाहीत.

काचनळीत चिमूटभर काळी पूड. टंगस्टन कार्बाइड.
प्लॅटिनमची गरीब मावसबहीण, असं ती नव्या पोरांना सांगते.
तापट आहे. नुकती भट्टीतून काढून उघड्यावर ठेवली
तर भुरकन पेटते,
म्हणून आधी प्राणवायूचा पातळ पापुद्रा चढवून निजवायची,
आणि कामाच्या दिवशी हायड्रोजननेच उठवायची.

हायड्रोजन येतो तो जोडीनं.
एकमेकांचा हात सुटणार नाही अशा खात्रीनं,
आणि या काळ्या ओट्यावर टेकताच
काडीमोड.
ना भांडण, ना साक्षीदार.
एक धातूपाशी सरकतो, एक कोळशाच्या अणूला बिलगतो,
मग उडी मारत, घरं बदलत हिंडतात,
जसं काही कधी कुणाचे नव्हतेच.

परवा तिनं अर्धे साधे सोडले, अर्धे त्यांचे जड भाऊ,
आणि आर्गॉनच्या झुळकीत पूड हळूहळू तापवली.
दोनची रेघ उठली. चारची उठली.
मधोमध तीनची, सगळ्यांत उंच.
म्हणजे निघताना पुन्हा जोडीनंच निघाले,
पण आलेल्या जोडीनं नाही.
वहीत तिनं लिहिलं: अदलाबदल चांगली.
आणि का कोण जाणे, खाली दोनदा रेघ मारली.

हीच पूड दाबून, भाजून,
तिच्या बापाच्या ड्रिलच्या टोकाला बसवलेली असायची.
वीडिया म्हणायचे तिला, मिएरेसच्या खाणीत.
सेकुंदिनोनं झिजलेलं एक टोक कोटाच्या खिशातून घरी आणलं,
अजून वीजबिलांवर वजन म्हणून आहे.
आम्ही भोकं पाडायचो, तो म्हणाला होता, तू काय करतेस?
दोघांना वेगळं करते, ती म्हणाली.
मग तो इतका हसला की खोकला आला,
आणि खोकला आला की त्या घरात
कुणीच काही बोलत नाही.

आज नुसता हायड्रोजन. आज तापमान पुढे न्यायचं,
सहाशेच्या पलीकडे, बघायला
की पूड किती सोसते.
सोळाला ऑक्सिजनही बोलतो, म्हणून ती पंधरा बघते.
तीन वाजून चाळीस मिनिटांनी
पंधराची रेघ जमिनीवरून उठली.

मिथेन.
पाहुण्याला देता देता
घरानं स्वतःच्या भिंतीची वीट काढून दिली.
एक कोळसा, चार हायड्रोजन, गेला नळीतून.

वर्षानुवर्षं तिच्या घरात या वायूचं नाव
हलक्या आवाजात घेतलं गेलं. ग्रिसू.
त्याला वास नाही.
दिव्याची ज्योत निळी टोपी घालायची, तेवढंच कळायचं.
काका ओलेगारिओच्या दिव्यानं ती घातली असेल,
आणि त्यानं पाहिलीही असेल.
त्याबद्दल कुणाला विचारायचं.

चार वाजता तिनं फोन लावला.
खाण बंद होऊन सतरा वर्षं झाली,
तरी सेकुंदिनो पहिल्या पाळीलाच जागा होतो.
"बाबा, ग्रिसू आला."
पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.
"किती?"
"दहा लाखांत अकरा."
"हात्तिच्या," तो म्हणाला,
"एवढ्यात आम्ही भाकरी खायचो."
मग बराच वेळ नुसता श्वास,
शिट्टीसारखा, वर जाताना बारीक.
"तरी खिडकी उघड."

काही गरज नव्हती. तिला माहीत होतं, गरज नव्हती.
वायूची वाट छपरावरून होती.
तिनं भट्टी वीस अंशांनी उतरवली, वेळ टिपली,
उठली, आणि गंजलेली कडी दोन्ही हातांनी ओढून
खिडकी उघडली.
ओलेपण आत आलं.
पडद्यावर पंधराची रेघ
उतरायची की नाही, ठरवत होती.